चिंबोरी विणायची तर आधी काय काय लागतं

भाचीला वाढदिवसाला समुद्रातला प्राणी हवाय, तोही "दुकानातला नको मावशी, तू केलेला", म्हणून मी आधी मोबाइलवर क्रोशाने विणायच्या ऑक्टोपसचे पॅटर्न बघत बसले आणि मग वाटलं की आपण ऐरोलीला राहतो, खाडी पायाशी आहे, ऑक्टोपस कशाला, चिंबोरी म्हणजे खाडीतला खेकडाच करूया की. खेकड्याचे पॅटर्न फुकटसुद्धा मिळतात, पण त्यातला जवळजवळ प्रत्येक खेकडा लालभडक असतो, आणि लाल चिंबोरी म्हणजे शिजलेली चिंबोरी हे आपल्याकडे पोरांनाही माहीत असतं. जिवंतपणी तो रंग कवचातल्या प्रथिनाने धरून ठेवलेला असतो, उकळलं की सुटतो, म्हणून टोपातून बाहेर येते ती लाल होऊनच. तर स्वतःचंच डिझाइन करायचं ठरवलं. खरं म्हणजे दुसऱ्यांदा करतेय, पहिली फसली, त्यामुळे यावेळी सुईला हात लावायच्या आधी काय काय तयार हवं ते सगळं लिहून काढलंय.

सगळ्यात पहिलं काम मासळी बाजारात, लोकरीच्या दुकानात नंतर जायचं. मी रविवारी सकाळी ट्रेनने बेलापूरला उतरून दिवाळे गावात गेले, तुम्ही ठाण्यात असाल तर तुमचा जो बाजार असेल तो, पण खरी चिंबोरी समोर हवी, फोटोवरून काम करू नका कारण फोटोत नेहमी वरचीच बाजू असते. मी वाकून मोबाइल लावला तर मासेवाल्या मावशी म्हणाल्या, "बाय, घ्यायची तर घे, फोटो काय काढतेस", मग दोन घ्यायचं कबूल केल्यावर त्यांनीच एक उचलली, डेंगे म्हणजे पुढच्या नांग्या दोरीने आवळलेल्या होत्या, ती उलटी केली आणि पोटावरच्या झडपेवर अंगठा टेकवून दाखवलं की ही रुंद गोलसर झडप म्हणजे मादी, शेजारच्या नराची निमुळती, त्रिकोणी. मादी अंडी घालते तेव्हा ती ह्या झडपेखालीच चिकटून राहतात, आपण खातो ती लाख म्हणजे गाभोळी वेगळी, ती आत कवचाखाली असते. त्या झडपेनेच माझं डिझाइन ठरलं, उघडणारी झडप करायची आणि आत नारिंगी लोकरीच्या गाठी. एकाही तयार पॅटर्नमध्ये मला हे दिसलेलं नाही.

बाजारात आणखी तीन गोष्टी बघून वहीत लिहून घ्या. कवच लांबीच्या साधारण दीडपट रुंद असतं, गोल नसतं. कवचाच्या पुढच्या कडेला डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना दाते असतात, मोजले तर एकेका बाजूला नऊ. आणि पाय मोजा, नीट मोजा, कारण पहिल्या वेळी मी डेंगे धरून आठच केले होते आणि भावजी म्हणाले हा कोळी आहे का. दोन डेंगे, मग टोकदार पायांच्या तीन जोड्या आणि शेवटची जोडी वल्ह्यासारखी चपटी, ती पोहायला, असे मिळून दहा. मासळीचा वास ज्यांना नको त्यांनी ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रात जावं, तिवरांच्या चिखलात एकच डेंगा मोठा असलेले छोटे खेकडे दिसतात, तेही विणायला गोड आहेत आणि सोपेसुद्धा. बाजारात जाताना लोकरीची पिशवी मात्र बरोबर नेऊ नका, मी नेली होती, तो वास दोन धुण्यांत गेला.

घरी आल्यावर आलेख कागद घ्या, मुलांच्या वहीतला चालतो, आणि खेळणं जेवढं हवंय त्याच मापात चित्र काढा, वरून एक आणि खालून एक. काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते इथेच ठरवा. मी झडप, वल्ह्याचे पाय आणि रंग ठेवले, नऊचे पाच दाते केले, तोंडाची भानगड पूर्ण सोडली.

आता नमुना, म्हणजे मापासाठी आधी विणून बघायचा छोटा गोल, जो सगळे टाळतात, मीही टाळला होता. ज्या लोकरीची आणि ज्या सुईने चिंबोरी होणार त्याच जोडीने मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे ओढून बंद करता येणाऱ्या सुरुवातीच्या कडीत, 6 टाके आणि मग दर फेरीला 6 वाढवत 36 पर्यंत जायचं, म्हणजे सहा फेऱ्या, एकूण 126 टाके. टाका कोणता, तर आई ज्याला मुका खांब म्हणते तो. अमेरिकन व्हिडिओत त्याला सिंगल क्रोशे म्हणतात आणि ब्रिटिश पुस्तकात डबल क्रोशे, तेव्हा व्हिडिओ कुठला आहे ते आधी बघा नाहीतर नुसती जाळी तयार होईल. माझ्या हाताला हा गोल साडेपाच सेंटीमीटर भरला, तुमचा वेगळा भरेल, हात सैल की घट्ट त्यावर आहे. यातून पुढचा हिशोब निघतो. मला कवच 12 सेंटीमीटर रुंद आणि 8 लांब हवं होतं, दोन्हीतला फरक 4, तेवढी मधली सरळ साखळी, माझा एक टाका अर्ध्या सेंटीमीटरहून किंचित कमी म्हणून 8 टाके, आणि त्याच्याभोवती 9 फेऱ्या, दर फेरीला दोन्ही टोकांना तीन-तीन मिळून 6 टाके वाढवत. वाढवलेले टाके एकावर एक येऊ देऊ नका, थोडे सरकवत जा, नाहीतर कडेला कोपरे येतात. वरचं कवच एक फेरी जास्त ठेवायचं म्हणजे भरल्यावर फुगीर दिसतं, खालचं आहे तसंच.

मग तो नमुना उसवून लोकर मोजा. माझी साडेचार मीटर गेली होती. कागदावर सगळे भाग मांडले तर माझे टाके 1800 च्या आसपास आले, म्हणजे अशा चौदा-साडेचौदा गोलांइतके, साधारण 65 मीटर, जोडायच्या शेपट्या धरून 75. गुंड्याच्या लेबलवर मीटर लिहिलेले असतात, त्यावरून घ्या आणि वर एक गुंडा जास्त, एकाच लॉट नंबरचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेला. मागच्या वेळी एक गुंडा कमी पडला आणि नंतर आणला तो रंगाने तोच, पण लॉट वेगळा, त्यामुळे तीन पाय वेगळेच दिसतात, उन्हात तर फारच. दुकानदार म्हणतो "सेमच आहे ताई", तेव्हा दोन्ही गुंडे दुकानाच्या बाहेर उजेडात नेऊन बघायचे.

रंग शेवाळी, काळपट हिरवा, पण फार काळपट नको, रात्री ट्यूबलाइटखाली टाके दिसत नाहीत आणि आपण एकाच टाक्यात दोनदा जातो. मिल्क कॉटन की अ‍ॅक्रिलिक, तर माझं मत अ‍ॅक्रिलिक, स्वस्त आहे आणि धुतलं की लवकर वाळतं, आमच्याकडे जुलैत काहीच वाळत नाही म्हणून हे महत्त्वाचं. लेबलवर 4 मिलिमीटरची सुई सांगितली असली तरी अडीच किंवा तीनची घ्या. आईच्या पिढीने तोरणं विणली, रुमाल विणले, त्यात भोकं हवीच असतात, इथे भोक राहिलं की आतला फायबर डोकावतो. तो फायबर म्हणजे उशीत असतो तो पॉलिएस्टरचा, गादीवाल्याकडे वजनावर मिळतो, पाव किलोत दोन-तीन चिंबोऱ्या आरामात होतील. साधा कापूस भरू नका, धुतल्यावर त्याचा गोळा होतो.

बाकीचं सामान फारसं नाही. जाड नाकाची बोथट सुई, टाचण्या, कात्री, फेरी कुठे सुरू झाली ते कळायला खुणेची पिन, मी साडीची सेफ्टी पिन वापरते. झडपेला टिचबटण लावायचा मोह मला झाला होता, भाची चार वर्षांची आहे पण तिचा भाऊ दीड वर्षांचा आहे आणि त्याच्या तोंडात सगळं जातं, म्हणून बटण नाही, मणी नाहीत, प्लास्टिकचे डोळेही नाहीत, डोळे काळ्या लोकरीने भरायचे. डेंग्यांना निळी दोरी बांधायची कल्पना मला फार आवडली होती, तीही त्याच्याचसाठी सोडली. पायात तार घालायला काही जण सांगतात, ती कधीतरी बाहेर येऊन टोचते आणि आपल्या हवेत गंजतेसुद्धा, म्हणून नको. पाय 6 टाक्यांची नळी आहे, टोकाला पेन्सिलीने जरासा फायबर ढकलला की पुरे, वल्ह्याचे दोन तर न भरताच चपटे दाबून शिवायचे.

वही पहिल्या पायाच्या आधी उघडा, नंतर नाही. प्रत्येक फेरीचे टाके लिहायचे, कंटाळा आला तरी. मागच्या वेळी मी पहिला पाय अंदाजाने केला, छान झाला, आणि तो कसा केला ते मलाच आठवेना, शेवटी सगळे पाय वेगवेगळ्या लांबीचे. प्रत्येक भागाला वीत-दीड वीत शेपूट सोडायची, शिवायला लागते, आणि शिवायच्या आधी दहाच्या दहा टाचण्यांनी लावून लांबून बघायचं. कवचात फायबर भरूनच हे करायचं, सपाट कवचावर लावलेले पाय भरल्यावर वर उचलले जातात.

मी पाय ट्रेनमध्ये करते, ऐरोली ते सानपाडा एका वेळेला अर्धा होतो, बसायला मिळालं तर. त्यासाठी छोटा डबा वेगळा ठेवलाय, त्यात गुंडा, सुई, पिन आणि वहीचं ते एक पान फाडून, अख्खी वही नाही, कारण गर्दीत मांडीवर वही आणि लोकर दोन्ही सांभाळता येत नाही. कवच आणि झडप मात्र घरी, रविवारी, दुपारच्या उजेडात, आणि नारिंगी गाठी सगळ्यात शेवटी, त्या भाची स्वतः बसून मोजणार आहे म्हणाली.