ग्रुप रोलप्ले वर्षभर चालू ठेवायचा तर

लेखी रोलप्ले म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि पाळीपाळीने लिहून सगळ्यांनी मिळून कथा पुढे न्यायची. डिस्कॉर्ड या चॅट अॅपवरचे असे बहुतेक खेळ एकाच ठिकाणी थंडावतात. सहा जण एका प्रसंगात असतात, चौथ्याची पाळी असते आणि चौथा परीक्षेच्या अभ्यासात बुडालेला असतो. बाकीचे पाच जण सभ्यपणे थांबतात. दोन आठवड्यांनी कोण कुठे उभं होतं, मशाल कोणाच्या हातात होती, हे कोणालाच आठवत नाही. म्हणून कुठलाही नियम करताना आधी एवढं तपासा: यात खेळ एकाच माणसावाचून अडतोय का?

एका प्रसंगात तीन खेळाडू ठेवा, फार तर चार. १२ ते २० पोस्टमध्ये प्रसंग मिटवा. पाळी आल्यापासून ४८ तास उलटले की पुढच्याने कोणाला न विचारता लिहायचं. वगळलेल्याचं पात्र तिथेच असतं, फक्त गप्प. ते पहाऱ्यावर उभं राहिलं, घोड्यांना पाणी दाखवायला गेलं, एवढंच लिहावं. त्याच्या तोंडी शब्द घालू नयेत, त्याला जखमीही करू नये. लागोपाठ दोनदा पाळी चुकली तर परत येता येईल अशा निमित्ताने त्याला प्रसंगाबाहेर काढा. हा नियम पहिल्याच दिवशी पिन करा. कोणी गायब झाल्यावर केलेला नियम त्या माणसाला स्वतःवर रोखलेला वाटतो, आणि मग तो परत येत नाही.

डिस्कॉर्डच्या फोरम चॅनलमध्ये, म्हणजे विषयवार धागे उघडता येतात अशा चॅनलमध्ये, प्रत्येक प्रसंगाला वेगळी पोस्ट द्या (इथे पोस्ट म्हणजे अख्खा धागा, एका पाळीचं लिखाण नव्हे). नावात जागा आणि वेळ लिहा, टॅग तीनच ठेवा: खुला, चालू, संपला. निष्क्रिय झाल्यावर पोस्ट किती दिवसांनी यादीतून लपावी यासाठी १ तास, २४ तास, ३ दिवस आणि १ आठवडा असे पर्याय असतात, त्यातला आठवडा निवडा. तीन दिवसांवर ठेवलं तर रखडलेला प्रसंग नजरेआड होतो आणि लोक तो संपला असं धरून चालतात.

एका पाळीच्या लिखाणाची लांबी ८० ते २०० शब्द पुरे. फुकटच्या खात्यावर एका मेसेजला २,००० अक्षरांची मर्यादा असते, आणि देवनागरीत काना-मात्रा-वेलांट्याही वेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे जागा भराभर संपते. पण लांबीपेक्षा महत्त्वाचं आहे ते पुढच्याच्या हाती काय पडतं. हे पाहा:

‘राणोजी दार लावून आत आला. त्याच्या डोळ्यांत जुनी वेदना होती. तो बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिला.’

वाचायला बरं आहे, पण प्रसंगातलं दुसरं पात्र तुळसा, तिचा खेळाडू यावर काय लिहिणार? तोच प्रसंग असा लिहा:

‘राणोजीने दार ओढलं, पण कडी बसेना. “मशाल इकडे धर,” तो तुळसाला म्हणाला. “आणि ती थैली आधी खाली ठेव. कोणाची आहे ती?”’

आता तुळसापुढे मशाल आहे, न बसणारी कडी आहे आणि द्यायचं किंवा टाळायचं उत्तर आहे. तिने थैली खाली ठेवली, हे मात्र राणोजीने लिहायचं नाही. तो हक्क तिच्या खेळाडूचा.

अधिकाराची पात्रं जपून वाटा. गडाचा दरवाजा फक्त हवालदाराच्या हुकमाने उघडत असेल आणि त्याचा खेळाडू नोकरी बदलून व्यग्र झाला, तर अख्खा गड बंद. शिवकाळातच याचा चांगला नमुना आहे: गडावर हवालदार, सरनौबत, सबनीस असे वेगवेगळे अधिकारी असत आणि कारभार एकहाती नसे. तेच इथे करा, प्रत्येक मोठ्या पदाला दुसरा खेळाडू जोडा. कथा हाकणारेही तिघं हवेत. एकेकाने सहा-आठ आठवड्यांचं एक पर्व सांभाळायचं आणि मग साधा खेळाडू म्हणून खेळायचं. सगळं एकट्या अॅडमिनवर टाकलं की तो थकतो, आणि त्याच्याबरोबर सर्व्हरही, म्हणजे गटाची डिस्कॉर्डवरची जागाही.

संपलेल्या प्रसंगाचा पाच ओळींचा सारांश, तो सुरू करणाऱ्यानेच लिहावा: कोण होतं, कुठे, काय बदललं, कोणती वस्तू कोणाकडे गेली, काय लटकून राहिलं. लटकलेल्या गोष्टींची वेगळी यादी करा. पुढचे प्रसंग तिथूनच निघतात. नवा खेळाडूही हे सारांश वाचून आत शिरू शकतो. त्याच्याकडून पात्राची माहिती १५० शब्दांतच घ्या, आधीच्या दोन पात्रांशी नातं जोडायला सांगा आणि तीन दिवसांत एका खुल्या प्रसंगात उतरवा. मोठमोठे फॉर्म भरायला लावले की उत्साह तिथेच सरतो.

लढाई किंवा दरबारासारखे प्रसंग एकत्र जमून ९० मिनिटांत खेळावेत. पुणे आणि न्यू जर्सीत उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं अंतर असतं, हिवाळ्यात साडेदहाचं. भारतातले शनिवार रात्री साडेआठ म्हणजे तिकडे सकाळचे अकरा किंवा दहा. वेळ डिस्कॉर्डच्या टाइमस्टॅम्पने टाका, म्हणजे ज्याला-त्याला आपापल्या घड्याळाप्रमाणे दिसते. फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षा, गणपती आणि दिवाळी यांच्या आधी दहा दिवस मोठं काही सुरू करू नका. सुट्टी उघड जाहीर करा आणि परतल्यावर कथेत दोन महिने लोटल्याचं सांगून नवा प्रसंग उघडा.

सर्व्हर आधीच गप्प पडला असेल तर ‘कोणी आहे का?’ विचारू नका. शांतता आणखी ठळक होते. रखडलेले सगळे प्रसंग तीन-तीन वाक्यांत मिटवा. मग सर्वांत नियमित दोघांना खासगीत विचारून त्यांचा एक छोटा प्रसंग सुरू करा. दहा पोस्ट झाल्यावर त्यात तिसऱ्यासाठी दार ठोठावण्याची जागा ठेवा, आणि तेव्हाच टॅग ‘खुला’ करा.