सरड्याचे उन्हातले तास कसे मोजावेत

बांधावरचा सरडा दिवसात किती तास बाहेर राहू शकतो, हे मोजता आलं की वाढती उष्णता जनावरांचं नेमकं काय करते ते आपल्याच रानात दिसतं. मी अंबाजोगाईकडं, बालाघाटाच्या उतारावर हे करते. हिशोब मात्र मेक्सिकोतून आलाय, म्हणून आधी तो सांगते.

सरड्यांचे अभ्यासक बॅरी सिनेर्व्हो आणि त्यांच्या सोबत्यांनी मेक्सिकोत २०० ठिकाणी पूर्वी नोंदलेले सरडे पुन्हा शोधले. निकाल २०१० साली छापला: १९७५ नंतर १२ टक्के ठिकाणचे सरडे संपले होते. ते उन्हानं भाजून मेले नव्हते. सरड्याचं अंग बाहेरच्या उन्हावर तापतं, आणि फार तापलं की तो सावलीत नाहीतर फटीत शिरतो. विणीच्या आधीच्या दिवसांत असं दडून बसायचे तास वाढले. दडलेल्या मादीला किडे कुठून मिळणार? आणि पोट भरलं नाही तर पिलं होत नाहीत. थंडीमुळं पिलं पोटातच वाढवणाऱ्या डोंगरी जातींना धोका जास्त निघाला. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते, म्हणून डोंगरी जनावरं वर सरकतात. पण शिखराच्या वर सरकायला जागा नसते. उष्ण कटिबंधातल्या दाट जंगलातल्या सरड्यांचं दुखणं वेगळं. त्यांना बाराही महिने जवळजवळ सारखीच, सावलीतली हवा लागते, त्यामुळं थोडी वाढही त्यांना जड जाते.

आपला बालाघाट काही एवढा उंच नाही. इथं सरड्याची धाव खरंच कुंपणापर्यंतच.

आता सामान. तापाचा थर्मामीटर नको, तो ४२ च्या आसपास संपतो. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा ११० पर्यंतचा, लाल द्रवाचा घ्या. पाऱ्याचा फुटला तर पारा रानात सांडतो. असे दोन लागतील. ठिबकच्या जुन्या नळीचे वीतभर लांबीचे दोन तुकडे कापा, बाहेरून मातकट रंग द्या, आत थर्मामीटर सारून तोंडं चिखलानं बंद करा. उघड्या उन्हात थर्मामीटर नुसता ठेवला तर काच तापते आणि आकडा भलताच येतो. नळी साधारण सरड्याएवढीच, म्हणून तिच्या आतला आकडा त्याच्या अंगाला जे सोसावं लागतं त्याच्या जवळ जातो. संशोधकही अशाच पोकळ नळ्या वापरतात. एक नळी बांधाच्या उघड्या भागावर ठेवा, दुसरी बोरीच्या नाहीतर तरवडाच्या सावलीत.

सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला दोन्ही आकडे लिहा आणि तोच बांध सावकाश चालून या. सरडा दिसला की एवढंच लिहा: उन्हात, सावलीत, हलतोय की बसलाय. माणूस जवळ गेलं की तो खोडाच्या पलीकडं सरकतो, तेव्हा दहा पावलं लांबून खोडाच्या दोन्ही बाजू बघायच्या. शाळा-कामं सांभाळून रोज जमणार नाही. मार्च ते जून आठवड्यातून एक दिवस पुरे, पण तो दिवसभर हवा.

चार-पाच आठवड्यांत दिसेल की उन्हातली नळी एका ठरावीक आकड्यापुढं गेली की सरडे उन्हातून उठतात. तो तुमच्या बांधाचा आकडा. पुस्तकातला घेऊ नका. मग मोजा: सावलीतली नळीही त्या आकड्यापुढं किती तास राहिली? तेवढे तास सरड्याच्या हातून गेले.

आमचे भावजी विचारतात, "वहिनी, सरडे मोजून कापूस जास्त निघणार का?" मी म्हणते, कापसावरचे किडे कोण खातं ते आधी बघा.

वहीत ढग, वारा, पाऊस लिहाच. शेजारी फवारणी झाली असेल, मांजर फिरत असेल, तर तेही लिहा, कारण सरडे कमी व्हायला उष्णता एकटीच जबाबदार नसते. एका उन्हाळ्याच्या वहीवरून हवामान बदललं असं तर मुळीच म्हणू नका. त्याला बरीच वर्षं लागतात.

एका उन्हाळ्यात कळतं ते वेगळंच. उन्हाळ्यात पेटवलेला बांध आणि काट्याचं कुंपण राखलेला बांध एकाच दिवशी मोजा. जळलेल्या बांधावर सावलीची नळी ठेवायला जागाच सापडत नाही. पक्ष्यांसाठी पाण्याची वाटी ठेवून फोटो टाकणारे पुष्कळ आहेत, ठेवा बापडे. सरड्याला मात्र सावली हवी. त्यामुळं बांध पेटवू नका, वेचलेले दगड एका कडेला रचा, बोरी-बाभळीची रोपं खुरपताना सोडा.

पावसाळ्याच्या तोंडाला नराची मान-डोकं लाल झालेलं दिसलं की तारीख लिहा. मादी मऊ मातीत खड्डा करून अंडी घालते आणि वर माती लोटते. ती जागा सापडली तर काठी रोवून खूण करा, म्हणजे कोळपणी करणारा तिथून वळून जाईल.