चित्रातली मुंगी आधी शोधू द्या

झाडं, पाणी, पक्षी यांवरचं चित्रपुस्तक मुलांना दाखवताना पहिल्या फेरीत मजकूर वाचूच नका. नुसती चित्रं बघू द्या. आपली नजर अक्षरांकडे धावते, मुलांची कोपऱ्यातल्या मुंगीकडे. माझ्या भाचीने एकदा चित्रातल्या सुकलेल्या कुंडीवर बोट ठेवून विचारलं, "हिला पाणी कोण घालतं?" पुस्तक तिथेच राहिलं, आम्ही तांब्या घेऊन गॅलरीतल्या तुळशीकडे गेलो. 'यातून काय शिकलीस?' हे मात्र विचारू नका. गोष्टीची लगेच शाळा होते.

पुस्तकं महाग वाटत असतील तर 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेच्या 'स्टोरीवीव्हर' या वेबसाइटवर (२०१५ पासून सुरू आहे) मराठी चित्रगोष्टी फुकट मिळतात, उतरवून छापताही येतात. कागदावरच बऱ्या, बोट ठेवलं की पान सरकत नाही.