कळसूबाई उतरताना पायाची नखं वाचवा

कळसूबाई (१६४६ मीटर) चढताना दम लागतो, पण बोटांचे हाल होतात ते बारी गावाकडे उतरताना. पाय बुटात पुढे सरकतो, बोटं आपटत राहतात आणि अंगठ्याचं नख काळं पडतं. उतरायला लागण्यापूर्वी माथ्यावरच दोन मिनिटं बसा.

१. लेस पूर्ण सैल करा.
२. टाच जमिनीवर हलकी आपटून पाय बुटात मागे सरकवा.
३. बोटांकडची लेस सैलच ठेवून घोट्याजवळ घट्ट आवळा. खरा फरक इथेच पडतो.
४. दुहेरी गाठ मारून टोकं आत खोचा. लोखंडी शिड्यांवर लोंबती लेस नकोच.

नखं आदल्या दिवशीच कापून ठेवा. पायाला मुंग्या आल्या तर लेस लगेच थोडी सैल करा.