मनातलं जुनं रिव्हॉल्व्हर घेताय? या चुका टाळा

वर्षानुवर्षं एखाद्या रिव्हॉल्व्हरच्या मागे लागलेला माणूस ते समोर आल्यावर कसा वागतो ते मी बऱ्याचदा बघितलंय. आवाज खाली जातो, हात पँटला पुसतो, सिलिंडर उघडून नळीच्या मागे अंगठ्याचं नख धरून आत डोकावतो, "वा" म्हणतो आणि लगेच टोकन देऊन मोकळा होतो. लायसनची झेरॉक्स घरी गेल्यावर वाचतो. मग आठवड्याभराने मला फोन, "दादा जरा एक प्रॉब्लेम झालाय." प्रॉब्लेम तेच तेच असतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो, पुढच्या वेळी लिंक पाठवायला बरं.

आधी एक समजून घ्या. परदेशी हत्यारं सामान्य माणसाला आयात करायला १९८० च्या दशकात बंदी आली, नामांकित नेमबाज सोडले तर. त्यामुळे कोल्ट, स्मिथ अँड वेसन, जुनी बर्मिंगहॅमची वेबली जे काही देशात शिल्लक आहे तेच या लायसनवरून त्या लायसनवर फिरतंय. विकणारा बहुतेक वेळा वारसाने मिळालेला माणूस असतो, त्याला त्यातलं काही कळत नसतं आणि घेणाऱ्याला घाई असते.

बोअर, म्हणजे नळीच्या आतलं माप, न बघता प्रेमात पडू नका. वेबली मार्क सिक्स, १९१५ चं मॉडेल, पहिल्या महायुद्धात ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या कमरेला असायचं ते, .४५५ बोअरचं. एनफिल्ड नंबर टू, ब्रिटिश लष्कराने १९३२ मध्ये घेतलं, .३८ चं. दोन्ही बोअर आपल्याकडे प्रतिबंधित, म्हणजे पीबी. तुमच्याकडे पोलीस आयुक्तालयाचं साधं लायसन आहे ते एनपीबीचं, म्हणजे अप्रतिबंधित बोअरचं, पीबीचं लायसन केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हातात आहे आणि विनापरवाना पीबी हत्यार सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा सात वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंत आहे. तरी लोक विचारतात, "पण ते तर शोपीस म्हणूनच ठेवणार ना?" अरे बाबा, कायद्याला शोकेस दिसत नाही. तुमच्या लायसनवर येणारं बघा, .३२ मध्ये पण सुंदर माल आहे, कोल्ट पोलीस पॉझिटिव्ह आहे, स्मिथ अँड वेसनचं हँड इजेक्टर आहे ज्याचं पहिलं मॉडेल १८९६ चं, वेबलीची छोटी मॉडेल्स आहेत. आणि हो, वेबलीच्या नावाने आता उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात संडिल्याला .३२ बनतात, वाईट नसतीलही, पण बर्मिंगहॅमच्या जुन्या तुकड्याचे पैसे मोजून ती घरी आणू नका. नळीवरचे आणि सिलिंडरवरचे प्रूफचे, म्हणजे मजबुतीच्या चाचणीत पास झाल्याचे, शिक्के भिंगाखाली वाचायला शिका. शिक्क्यात इंग्लंडचं स्पेलिंगच चुकलंय असं दिसलं तर हात न लावता उठा, हे मी गमतीत सांगत नाहीये, कट्टे बनवणाऱ्यांना शिक्का मारायची फार हौस असते.

दुसरी गोष्ट खास आपल्या भागातली. "मी ठाणे जिल्ह्यात राहतो म्हणजे ठाणे आयुक्तालय." नाही. ऐरोली, घणसोली, वाशी ठाणे जिल्ह्यातच आहेत पण पोलीस नवी मुंबईचे. पनवेल, कळंबोली रायगड जिल्हा पण आयुक्तालय नवी मुंबईच. डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर, भिवंडी ठाणे आयुक्तालय. मीरा रोड-भाईंदर २०२० पासून वसई-विरारसोबत वेगळं. शहापूर-मुरबाडला ग्रामीण पोलीस, तिथलं लायसन कलेक्टर ऑफिसातून. विकणारा एका हद्दीत आणि घेणारा दुसऱ्या हद्दीत असला की दोन्हीकडचे कागद लागतात, एनओसी लागते, आणि हे टोकन देऊन झाल्यावर कळलं की मग "सिस्टीमच खराब आहे" सुरू. सिस्टीम जशी आहे तशी आहे, तुम्ही पत्ता बघायला हवा होता.

आता हत्यारावरचा सिरियल नंबर. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण याच्याइतकी महागडी चूक दुसरी नाही.

ऐरोलीचा माझा एक मित्र स्मिथ अँड वेसनच्या .३२ हँड इजेक्टरच्या मागे कित्येक वर्षं होता. शेवटी डोंबिवलीला एका आजोबांकडे निघालं, त्यांच्या वडिलांचं, मग वारसाने यांच्या लायसनवर आलेलं, ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर-काळा थर, जवळजवळ मूळचं, घोडा ओढला की सिलिंडर घट्ट बसायचा. मित्र तर पाघळलाच. भाव ठरला, आजोबांनी पोलिसांना लेखी कळवलं, पंचेचाळीस दिवस गेले, सगळं व्यवस्थित. हत्यार तपासणीला नेलं तेव्हा तिथल्या हवालदार साहेबांनी एकच प्रश्न विचारला, "हा नंबर कुठे आहे यावर?" लायसनवरचा नंबर यांनी दाखवला, सिलिंडर बाहेर काढल्यावर फ्रेमच्या खाचेत होता तो. साहेब म्हणाले हा नंबर वाटत नाही मला, मूठ उतरवा. मुठीला कोणीतरी कधीतरी जाड लाकडी ग्रिप बसवलेली, बूड पूर्ण झाकलेलं. स्क्रू काढला, ग्रिप निघाली आणि बुडाशी वेगळाच नंबर!

झालं असं होतं की त्या खाचेत जो असतो तो कारखान्यातला जोडणीचा नंबर, कोणता भाग कोणत्या फ्रेमचा हे कारागिराला कळावं म्हणून मारलेला. खरा सिरियल नंबर मुठीच्या बुडाला. जुन्या स्मिथ अँड वेसनवर तोच नंबर सिलिंडरच्या मागच्या तोंडावर आणि नळीच्या खालच्या सपाट भागावर पण असतो. हे कळायला पाच मिनिटं लागतात पण कोणे एके काळी कोणत्या तरी कारकुनाने ग्रिप न काढता समोर दिसला तो आकडा लिहून टाकला आणि पुढे प्रत्येक नूतनीकरणात तोच उतरवला गेला. कागदाप्रमाणे आजोबांकडचं हत्यार ते हत्यारच नाही! ऐंशीच्या घरातला माणूस, हातात काठी, घामाघूम होऊन बाकावर बसलेला. मित्राचं तोंड बघवत नव्हतं, पण मला राग आजोबांचा नाही आला, मित्राचाच आला, कारण तो दर रविवारी पुस्तकं चाळणारा माणूस, त्याला जोडणीचा नंबर काय असतो हे पाठ होतं. त्याने ब्लूइंग बघितलं, नंबर बघितला नाही.

सुटलं कशामुळे तर आजोबांच्या वडिलांची मूळ खरेदीची पावती एका ट्रंकेत सापडली, त्यावर बुडाचा नंबर स्वच्छ होता. मग अर्ज, जबाब, रेकॉर्ड दुरुस्ती, परत तपासणी, आणि मग व्यवहार. पावती नसती तर काय झालं असतं ते मला सांगायची गरज नाही. आणि तो व्यवहार चालू असताना ग्रुपमधले दोघंतिघं शहाणे सल्ला देत होते की राहू दे ना तोच नंबर, कोण बघतंय. असल्या सल्ल्यांना ब्लॉक करा.

माझी सवय सांगतो. मी हत्यार बघायला जातो तेव्हा पहिल्यांदा लायसन मागतो, नंबर मोठ्याने वाचतो, मालकाला सांगतो ग्रिप उतरवा. योग्य मापाचा स्क्रूड्रायव्हर माझ्या खिशात असतो, घरातला पंखा दुरुस्तीचा नाही, कारण त्याने स्क्रूचं डोकं एकदा बुचडलं की ते बुचडलेलंच राहतं. कोल्ट असेल तर क्रेन, म्हणजे सिलिंडर धरणारा फिरता हात, उघडून फ्रेमवर नंबर बघतो. हे सगळं जुळलं की मग नळी, मग टायमिंग (घोडा ओढला की सिलिंडर बरोबर जागेवर येतो का), मग सिलिंडरची हालचाल, मग चहा. मालक ग्रिप उतरवायला नाही म्हणाला तर चहा पण नाही.

थोडक्यात आटपतो अशा दोन गोष्टी. पंचेचाळीस दिवस हे कायद्याच्या कलम ५ मध्ये आहेत, खाजगी माणसाने हत्यार विकायच्या आधी घेणाऱ्याचं नाव-पत्ता देऊन लेखी कळवायचं आणि तेवढं थांबायचं. ओळखीने कमी होत नाहीत, विचारू नका. आणि डिसेंबर २०१९ पासून एका माणसाला दोनच हत्यारं, आधी तीन होती, वारसाचं धरून दोन. तुमच्याकडे बारा बोअर आणि एक रायफल असेल तर आधी एक कमी करायचं, मग स्वप्नं बघायची. गावाकडची वडिलांची बंदूक "मोजत नाहीत" असं सांगणारे भेटतात, मोजतात.

"अँटिक आहे, लायसन लागत नाही." हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरतं. आर्म्स अॅक्टचं कलम ४५ वाचा. जुन्या पद्धतीचं किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं हत्यार सुटतं खरं, पण कधी, तर ते दुरुस्त करूनही आणि न करताही बंदूक म्हणून वापरता येणार नसेल तेव्हा. शंभर वर्षांचं कोल्ट तेल लावलं की उडतं, ते कसलं सुटतंय! मग लोक २०२० ची बातमी फॉरवर्ड करतात की क्युरिओला, म्हणजे संग्रहाच्या जुन्या वस्तूला, लायसन नको. केंद्राने तेव्हा नियम बदलले हे खरं, क्युरिओ गटातली छोटी हत्यारं नुसती बाळगायला लायसन नको. पण वापरायला, घेऊन फिरायला, हलवायला लायसन हवं आणि लायसनवर चढवल्याशिवाय काडतूस मिळत नाही. आता मला सांगा, डोंबिवलीहून ऐरोलीला ते उडत येणार आहे का? तुमचा तुकडा त्या गटात बसतो की नाही हे विकणारा ठरवत नाही आणि व्हॉट्सअॅपवरचा अॅडमिन तर अजिबात नाही, लायसन शाखेला लेखी विचारा, लेखी उत्तर घ्या, मग पैसे द्या. यूपीआयवर टोकन मागणारे अँटिकवाले तर सरळ सोडून द्या.

मिळाल्यानंतरची चूक, जी बघून खरंच पोटात तुटतं, ती म्हणजे पॉलिश. एकाने कोल्ट पोलीस पॉझिटिव्ह मिळवलं, ब्लूइंग कडांना उडून करडं झालेलं, जसं पिढ्यान् पिढ्या हाताळलेल्या वस्तूचं होतं तसं. याला ते "जुनाट" वाटलं. बाईकचे पार्ट क्रोम करून देणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये घेऊन गेला, बफ मारून चकचकीत निकेल करून आणलं. फ्रेमवरचा कोल्टच्या छापाचा उधळलेला घोडा गुळगुळीत, नळीवरच्या पेटंटच्या तारखा वाचता येईनात, कडा सगळ्या साबणाच्या वडीसारख्या गोल. संग्राहकाच्या नजरेत त्याची किंमत गेली ती गेलीच, पण मुख्य म्हणजे लायसन नसलेल्या माणसाच्या ताब्यात हत्यार दिलं हा एक गुन्हा, दुरुस्तीचं काम पण परवानाधारक गनस्मिथनेच करायचं असतं. आणि बफखाली नंबर पुसट झाला असता तर कलम ८ आहे, ओळखीची खूण पुसलेलं हत्यार ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ती पुसली असं धरून चालतात, उलटं सिद्ध करायची जबाबदारी तुमची. एवढं सांगितल्यावर तो म्हणतो, "पण दिसतंय मस्त ना?" मी काय बोलणार.

गंज चढलाय का? पातळ तेल, मऊ कापड, सबुरी. निकेलवर अमोनिया असलेलं बोअर क्लीनर लावू नका, खालचं तांबं खाऊन निकेल सोलतं.

चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नका. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातले बूट हिरवे होतात, खाडीजवळ राहत असाल तर विचारूच नका, चामडं ओल धरतं आणि जिथे टेकतं तिथेच ठिपके पडतात. सुती कापडात, वर तेलाचा हलका हात, बाजूला सिलिका जेल, कुलूपबंद. पावसाळ्यात दर आठवड्याला एकदा बघतो मी.

सिलिंडर मनगटाच्या झटक्याने बंद करू नका, क्रेन वाकते. पिक्चरमध्ये करतात कारण ते भाड्याचं असतं.

गच्चीवर, फार्महाऊसवर, येऊरच्या जंगलात "एकदाच ट्रायल" हा विषय माझ्यासमोर काढू नका. रेंज असते त्यासाठी.

काडतुसाबद्दल मात्र नीट ऐका. .३२ म्हणजे सगळं .३२ नाही. .३२ स्मिथ अँड वेसन लाँग आणि .३२ कोल्ट न्यू पोलीस एकमेकांत चालतात, नाव वेगळं एवढंच. .३२ लाँग कोल्ट ही वेगळीच चीज आहे. आणि पिस्तुलाची .३२ एसीपी तर रिव्हॉल्व्हरमध्ये घालायचीच नाही, काही सिलिंडरमध्ये ती जाते म्हणून लोकांना वाटतं चालते. दुकानात बॉक्सवर रिव्हॉल्व्हर लिहिलंय का बघा, आपल्या खडकीच्या फॅक्टरीच्या काडतुसाच्या बुडावर केएफ असतं, लायसनवर नोंद करून घ्या आणि जुन्या मालकाने "सोबत घेऊन जा" म्हणून दिलेली डबीभर हिरवी पडलेली काडतुसं नम्रपणे परत करा, ती त्यांच्या लायसनवर आहेत, तुमच्या नाही.

इलेक्शनला हत्यार जमा करायची नोटीस आली तर आदल्या रात्री तेलाचा हात जरा जास्त मारा, कापडात गुंडाळून द्या, आणि पावतीवर बुडाचाच नंबर लिहिलाय ना ते तिथल्या तिथे वाचून मगच निघा.