टीव्ही लहानपणी आपल्यात काय सोडून गेला, हे हुडकायचं कसं

पहिल्यांदा मोबाईल लांब ठेवा. यूट्यूबवर जुन्या मालिका बघत बसलात, तर तुमची स्वतःची आठवण पुसली जाते. कागद घ्या आणि मालिकांची नावं आठवायच्या आधी खोली काढा. शटरचा टीव्ही कुठं, दार कुठं, खाटेवर कोण, उंबऱ्यात कोण, तुम्ही कुठं.

मी काढली आणि अडकलो. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या खोलीत आई-बाबा, दोन्ही बहिणी, शेजारच्या काकू, गल्लीतली दहा-बारा पोरं, सगळी बसली; मला मात्र कुठं जागाच सापडेना. मग आठवलं, मी पत्र्यावर होतो. ‘रामायण’ 25 जानेवारी 1987 ला सुरू झालं, तेव्हा मी नऊ वर्षांचा. रविवारी सकाळी गल्ली चिडीचूप आणि मी वर अँटेनाचा पाइप धरून.

“आलं का?”

“मुंग्याच हाईत!”

“आता?”

“जरा रंकाळ्याकडं फिरीव... बास, बास! हलू नको!”

हलू नको म्हटल्यावर मी भाग संपेपर्यंत तसाच. राम-रावणाचं युद्ध मी पाहिलं नाही, ऐकलं. आज माझा माइक-स्पीकरचा धंदा आहे. लग्न, व्याख्यान, गणपती. स्टेजवर कोण बोलतंय याकडं माझं लक्ष नसतं, पण वायर जरा खरखरली की जेवणावरनं उठतो. गाण्याच्या नादानं धंद्यात आलो, असं वीस वर्षं सगळ्यांना सांगत होतो.

खोली झाली की तिच्यातल्या माणसांना विचारा; एकेकाला वेगळं गाठून. ‘आवडती मालिका कुठली’ विचाराल तर सगळे ‘रामायण’, ‘महाभारत’ म्हणून मोकळे होतील. ‘टीव्ही बंद झाला की तू काय करायचीस?’ असं विचारा. माझी थोरली बहीण म्हणाली, “पोस्टकार्ड लिहायचे.” ‘सुरभि’ 1990 ला सुरू झाली, सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे प्रश्न विचारायचे, देशभरातनं पत्रांचे ढीग यायचे. त्यात हिचीही कार्डं. बक्षीस एकदाही नाही. पण आज गल्लीतल्या निम्म्या लोकांचे सरकारी फॉर्म तीच भरते, अगदी खालची बारीक अक्षरंसुद्धा वाचून.

आता उलटतपासणी. धाकटी बहीण तिच्याच मांडीला मांडी लावून बसायची आणि आजही बँकेची स्लिप दुसऱ्याकडनं भरून घेते. म्हणजे नुसत्या बघण्यानं काही होत नाही, बघता बघता हाताला काय काम लागलं ते शोधायचं, असा माझा तरी हिशेब.

काहीच सापडलं नाही तर ओढूनताणून जोडू नका. माझा आतेभाऊ 1997 ला ‘शक्तिमान’ बघून गच्चीवर गिरक्या घ्यायचा. अशी पोरं इतकी झाली, की शक्तिमानलाच त्यांना समजावावं लागलं. आतेभावाला विचारलं, तुझ्यात काय उरलं? म्हणाला, “काय न्हाई. चक्कर यायची.” तेही लिहून ठेवा.

यूट्यूब सगळ्यात शेवटी. मी ते युद्ध परवा पहिल्यांदा पाहिलं. बाण सावकाश येतात, हवेत एकमेकांवर आपटतात. दोन मिनिटांत मोबाईल पालथा घातला आणि नुसतं ऐकत बसलो. आतनं बायको म्हणाली, “आवाज तरी कमी करा.”