टायगर मॉथचं जुनं पॅनेल दुरुस्त करताय? या चुका टाळा

टायगर मॉथ या जुन्या ब्रिटिश शिकवणीच्या विमानाच्या मागच्या कॉकपिटमध्ये बसलं की समोर फार काही नसतं. वेग दाखवणारा एअरस्पीड इंडिकेटर, अल्टिमीटर, इंजिनाचे फेरे दाखवणारं टॅकोमीटर, तेलाच्या दाबाचं गेज, वळण आणि घसरण दाखवणारं टर्न अँड स्लिप, आणि खाली पायांच्या मधल्या बाजूला भलामोठा पी-८ कंपास. पेट्रोल किती उरलंय हे पॅनेलवर कळतच नाही. त्यासाठी मान वर करून पंखांमधल्या टाकीवरची काचेची नळी बघायची. विजेची यंत्रणा नाही, स्टार्टर नाही. इंजिन हाताने समोरचा पंखा (प्रोपेलर) फिरवून सुरू करायचं.

एवढं साधं पॅनेल म्हटल्यावर दुरुस्तीही सोपी असेल असं वाटतं. पण वस्तू कमी असल्या की चुकीची एकही वस्तू लपत नाही.

हे विमान २६ ऑक्टोबर १९३१ रोजी पहिल्यांदा उडालं आणि पुढे आठ हजारांहून अधिक बनली. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडे बेगमपेठ आणि जोधपूरला हवाई दलाची पोरं यावरच उडायला शिकली. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते पस मॉथ विमान याच डी हॅविलंड कंपनीच्या घराण्यातलं. त्यामुळे या पॅनेलबद्दल मला नुसती तांत्रिक आस्था नाही, जिव्हाळा आहे. आणि म्हणूनच चांगल्या मनाने केलेल्या चुका बघून जीव जास्त तुटतो.

वर्ष न ठरवता सामान गोळा करणं

निम्म्या चुकांचं मूळ इथे आहे. एकच टायगर मॉथ १९४० मध्ये लष्करी शिकवणीचं विमान असतं, १९५० नंतर फ्लाइंग क्लबचं होतं, पुढे कुठे ग्लायडर ओढायला जातं. प्रत्येक मालकाने पॅनेलला एखादं भोक पाडलेलं असतं, एखादं गेज बदललेलं असतं. तुम्हाला यातलं कोणतं वर्ष परत आणायचंय? हे कागदावर लिहून भिंतीला लावा आणि मगच पहिलं गेज विकत घ्या.

‘जुनं दिसणारं’ आणि ‘त्या काळचं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वात जास्त दिसणारा घोटाळा म्हणजे पॅनेलवर सागवानी पॉलिश. प्रवासी विमानांचे आणि महागड्या मोटारींचे फोटो पाहून लोकांना वाटतं की जुन्या विमानाला चकचकीत लाकूडच शोभतं. लष्करी टायगर मॉथचं पॅनेल काळं असायचं. तुमच्या विमानाचा मूळ रंग शोधायचा असेल तर गेज हळूच काढा आणि त्याच्या कडेखाली दबलेला रंगाचा गोल पट्टा बघा. तिथे ऊन पोचलेलं नसतं, नंतरच्या मालकाचा ब्रशही पोचलेला नसतो. त्या पट्ट्याचा उजेडात फोटो काढल्याशिवाय पॉलिश पेपर हातात घेऊ नका.

गेजची पाठही वाचा. मुकुट आणि त्याखाली ‘एएम’ ही अक्षरं म्हणजे ब्रिटिश हवाई मंत्रालयाची खूण. ‘६ए’ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे रॉयल एअर फोर्सच्या भांडारातला उपकरणांचा विभाग. कधीकधी तारीखही ठोकलेली असते. लिलावात ‘महायुद्धातलं’ म्हणून विकलेलं गेज पाठ फिरवल्यावर १९५४ चं निघालेलं मी पाहिलंय. विकणारा खोटारडा होता असं नाही, त्याने पाठ पाहिली नव्हती.

संदर्भासाठी फोटो शोधतानाही सांभाळा. टायगर मॉथ ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडातही बनली. कॅनडाच्या विमानाला थंडीसाठी वर काचेची छत्री, चाकांना ब्रेक, असे मोठे बदल होते. त्याचं पॅनेल पाहून ब्रिटिश विमानाचं पॅनेल लावणं म्हणजे एका घरच्या लग्नात दुसऱ्या घरची पत्रिका वाटणं. डी हॅविलंडच्या या जुन्या विमानांच्या रचनेची जबाबदारी आज इंग्लंडमध्ये डक्सफर्डच्या डी हॅविलंड सपोर्ट या कंपनीकडे आहे. ड्रॉइंगविषयी शंका असेल तर अंदाज बांधण्यापेक्षा तिथे विचारा.

चमकणारे आकडे खरवडणं

ही चूक जिवावर बेतते, म्हणून जरा थांबून वाचा.

त्या काळी रात्री आकडे दिसावेत म्हणून काट्यांवर आणि अंकांवर रेडियम हे किरणोत्सर्गी द्रव्य मिसळलेला रंग लावत. आज तो रंग पिवळट-तपकिरी, भाजल्यासारखा दिसतो आणि अंधारात अजिबात चमकत नाही. लोक म्हणतात, ‘चमक गेली, म्हणजे रेडियम संपलं.’ हे साफ चूक आहे. चमक देतं ते झिंक सल्फाइड, आणि काही वर्षांत मरतं ते झिंक सल्फाइडच. रेडियम-२२६ चं अर्धआयुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षं आहे. १९४० च्या डायलवरचं रेडियम अजून जवळपास सगळंच्या सगळं शिल्लक आहे.

काच धडधाकट असलेलं बंद गेज तसं शांत असतं. धोका सुरू होतो तो डायल उघडल्यावर. सुकलेला रंग पिठासारखा झडतो, बोटांना लागतो, श्वासातून आत जातो. रेडियमचे अल्फा कण कातडीने अडतात, पण शरीरात गेलेलं रेडियम कॅल्शियमसारखं हाडांत जाऊन बसतं. शिवाय त्यातून रेडॉन वायू निघत राहतो. असा ढीगभर माल बंद कपाटात ठेवला तर कपाटातली हवाच वाईट होते.

म्हणून जुनं गेज हातात आलं की आधी किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर धरा. काटा हलला तर ते गेज घरच्या टेबलावर उघडायचं नाही, खरवडायचं नाही, त्यावर कापसाने स्पिरिट फिरवायचं नाही, ब्लोअरने धूळ उडवायची नाही. काच फुटलेली असेल तर दोन पिशव्यांत बंद करून, खूण लावून, हवेशीर जागी ठेवा आणि परवाना असलेल्या माणसाकडेच द्या. भारतात असल्या पदार्थांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचं नियंत्रण आहे आणि त्याचं मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरलाच आहे. बाहेरून गेज मागवण्याआधी तिथले नियम विचारून घ्या, माल कस्टममध्ये अडकल्यावर नव्हे.

नव्या डायलला जुना रंग हवा असेल तर किरणोत्सर्ग नसलेला रंग त्या तपकिरी छटेचा मिळतो. त्याने काम भागतं आणि बघणाऱ्याला फरक कळत नाही.

मॅग्नेटोची वायर सोडून पंख्याला हात लावणं

मॅग्नेटो म्हणजे इंजिनाच्या प्लगना ठिणगी देणारं यंत्र. टायगर मॉथमध्ये त्याचे खटके कॉकपिटच्या बाहेरच्या अंगाला असतात. पंखा फिरवणाऱ्या माणसाला ते समोरून दिसावेत हा हेतू. पॅनेलचं काम करताना बरेच जण हे खटकेही पितळ घासायला म्हणून सोडवतात.

घरचं बटण वायर जोडतं तेव्हा दिवा लागतो. मॅग्नेटोचं उलटं आहे. इथे खटका बंद केला की वायर अर्थला जोडली जाते आणि ठिणगी मरते. वायर सुटली, तुटली किंवा तिचं टोक गंजलं, तर मॅग्नेटो कायमचा चालू. खटका तुमच्या टेबलावर पॉलिश होत पडलेला आणि इंजिन मात्र पेटायला तयार. कोणी सहज पंखा ढकलला आणि सिलिंडरमध्ये जरा पेट्रोलची वाफ असली की हात जातो, डोकंही जातं.

खटका सोडण्याआधी आठही प्लगच्या वायरी काढून बांधून ठेवा आणि पंख्यावर पाटी लावा. परत जोडल्यावर इंजिन मंद चालू असताना दोन्ही खटके क्षणभर बंद करून बघा. इंजिन बंद पडू लागलं पाहिजे. नाही पडलं तर एक तरी वायर अर्थला पोचत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांसाठी मुद्दाम सांगतो. आपल्या घरात बटण खाली केलं की दिवा लागतो. या विमानात खटका वर म्हणजे चालू. खटके उलटे बसवले की नेमका हाच घोटाळा होतो, म्हणून काढण्याआधी फोटो काढा.

तोंडाने फुंकून वेग तपासणं

काम झालं की प्रत्येकाला काटा हललेला बघायची घाई असते. मग कोणीतरी पंखांमधल्या खांबावरच्या पिटो नळीला (समोरच्या हवेचा दाब वेगाच्या गेजकडे नेणाऱ्या नळीला) तोंड लावून फुंकतं. काटा झपकन पलीकडे जातो, सगळे खूश होतात, आणि आतली पातळ पत्र्याची डबी फुगून कायमची वाकते. त्या डबीला किती थोडा दाब लागतो बघा. ताशी ६० मैलांना पाण्याच्या नळीत फक्त ४५ मिलिमीटर, ८० मैलांना ८० मिलिमीटर, १०० मैलांना १२५ मिलिमीटर. माणसाची फुंकर याच्या कितीतरी पट जोरदार असते.

तपासायची रीत स्वस्त आहे. पारदर्शक नळी यू आकारात पट्टीला बांधा, अर्धं पाणी भरा, टी जोड लावून एक फाटा गेजला आणि एक बंद टोकाच्या मऊ रबरी नळीला. ती रबरी नळी शेवटाकडून हळूहळू गुंडाळत जा. पाण्याच्या दोन पातळ्यांतलं अंतर मोजा आणि काटा वरच्या आकड्यांशी ताडून बघा. मग नळी चिमटून धरा. काटा खाली सरकला तर कुठेतरी गळती आहे. बहुतेक वेळा ती गेजमध्ये नसून कडक झालेल्या रबरी जोडांत सापडते.

काटा उलटा ढकलला जात असेल तर घाबरू नका. खांबावरून दोन नळ्या येतात, एक समोरून उघडी आणि एक टोक बंद, बाजूला बारीक भोकं असलेली. त्या पॅनेलमागे एकमेकींच्या जागी लागल्यात.

डायल मैलांचा की नॉटचा हे मात्र नीट बघा. ६० नॉट म्हणजे ६९ मैल. उतरताना मैल समजून नॉट वाचले तर फार तर वेग जास्त राहील, पण नॉट समजून मैल वाचले तर वेग इतका कमी होतो की विमान स्टॉलजवळ, म्हणजे पंखांचा आधार सुटण्याजवळ येतं. पॅनेल ज्या वर्षाचं, एकक त्या वर्षाचं, आणि उडवणाऱ्या प्रत्येकाला ते सांगितलेलं.

स्क्रू

प्लस स्क्रू दिसला की माझं मन उडतं. त्या काळच्या ब्रिटिश पॅनेलवर एका खाचेचे पितळी स्क्रू असायचे, आणि त्यांचे आटे बीए (ब्रिटिश असोसिएशन) मापाचे. ही मापं मोठी सुंदर आहेत. शून्य बीएचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १ मिलिमीटर, आणि पुढचा प्रत्येक पिच आधीच्याच्या ०.९ पट. म्हणून २बीएचा ०.८१, ४बीएचा ०.६६.

गोंधळ असा की २बीएची जाडी ४.७ मिलिमीटर, आणि अमेरिकन दहा-बत्तीस मापाच्या स्क्रूची ४.८३, पिच ०.७९. २बीएच्या भोकात हा अमेरिकन स्क्रू दोन वळसे छान जातो. तिसऱ्याला अडतो, मग माणूस जोर लावतो आणि ऐंशी वर्षं टिकलेले पितळी आटे जातात. आट्यांचा कोनही वेगळा आहे, एकाचा साडेसत्तेचाळीस अंश, दुसऱ्याचा साठ. हाताने फिरत नसेल तो स्क्रू तिथला नाही, एवढं धरून चाला. चपटा स्क्रूड्रायव्हरही खाचेत घट्ट बसेल असा घासून घ्या, नाहीतर पितळाची डोकी ओरबाडून निघतात.

पितळच का, याला कारण आहे. कंपास जवळ आहे. गंजू नये म्हणून स्टीलचे चकचकीत स्क्रू लावले आणि मग कंपास वीस अंश खोटं बोलतो म्हणून कंपासलाच दोष दिला, असं घडतं. मोबाइलचा चुंबकाचा होल्डर पॅनेलवर चिकटवला तरी तेच. कंपासमध्ये बुडबुडा दिसला तर त्यात मूळचं अल्कोहोल असतं हे लक्षात ठेवा. आधुनिक कंपासमधलं रॉकेलसारखं तेल त्यात ओतलं की आतला रंग आणि रबर सुटू लागतं. बुडबुडा म्हणजे गळती आहे, ती आधी बंद करायची, भरणं नंतर. आणि या कंपासच्या आतही रेडियम असू शकतं, तेव्हा वरचं सगळं इथेही लागू.

बारीकसारीक, पण डोळ्यांत खुपणारं

टर्न अँड स्लिपसाठी अमेरिकन पद्धतीचं, काचेच्या नळीत गोळी असलेलं गेज बसवू नका. इथे दोन काट्यांचं रीड अँड सिग्रिस्ट लागतं, वरचा काटा घसरण दाखवतो, खालचा वळण. त्याच्या जायरोला (आतल्या फिरत्या चाकाला) कॉम्प्रेसरची हवा देऊन फिरवलं तर बेअरिंग संपलंच समजा.

टॅकोमीटरचा काटा थरथरत असेल तर गेज उघडण्याआधी केबल बघा. ती कोरडी पडलेली असते किंवा पॅनेलमागे फार तीव्र वळवलेली असते.

डायलवरचे हिरवे, पिवळे, लाल पट्टे नंतरच्या काळातले. नियमामुळे लावावेच लागले तर मूळ डायलवर रंगवू नका, काचेवर लावा आणि काच व कडेवर मिळून एक पांढरी रेघ ओढा. काच फिरली तर रेघ तुटलेली दिसते आणि पट्टे चुकीच्या जागी गेल्याचं लगेच कळतं.

पाट्यांसाठी घरच्या प्रिंटरवरचं स्टिकर नको. त्या काळी ट्रॅफोलाइट नावाच्या थरांच्या प्लास्टिकवर अक्षरं कोरत, वरचा काळा थर कापला की खालचा पांढरा दिसे. कोरून देणारे आजही भेटतात. रेडिओ आणि ट्रान्सपाँडर (रडारला उत्तर देणारं यंत्र) लागणारच असेल तर पॅनेलला नवं भोक न पाडता सामानाच्या कप्प्यात ठेवा, हातातला रेडिओ वापरा.

यातलं काहीही करताना परवानाधारक इंजिनियरला सुरुवातीपासून सोबत घ्या, शेवटी सही मागायला नव्हे. काढलेलं प्रत्येक मूळ गेज, चालत नसलं तरी, पिशवीत घालून त्यावर जागा आणि तारीख लिहून विमानाबरोबरच ठेवा. आणि सगळं परत बसलं की शेपूट उचलून विमान उडतानाच्या ढबीत आणा, इंजिन चालू ठेवा, आठ दिशांना फिरवून कंपासची चूक मोजा आणि त्या चुकांचं नवं कार्ड शाईने, हाताने लिहा. जुनं कार्ड फेकू नका. त्याच्या मागे कदाचित १९४३ ची कोणाची तरी अक्षरं असतील.